पिलांची हगवण आणि औषधांस दाद न देणारे जंतु

विष्णूच्या दशावतारांत वराहाला तिसरें स्थान मिळालें, तरी पांढरपेशा मराठी घरांत डुकराचें नांव आजवर कोणी आदरानें घेतलेलें नाहीं. त्यामुळें डुकराच्या चार दिवसांच्या पिलास हगवण लागली, तर तिच्याशीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचा काय संबंध, हा प्रश्न कोणासही सहज सुचेल. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांचा वैद्यकाचा इतिहास चाळला असतां, हा संबंध दूरचा नसून अगदीं उंबरठ्याशीं येऊन ठेपलेला आहे असें दिसून येतें. रुग्णालयांतील नवजात अर्भकास जंतुदोषानें ग्रासलें आणि नेहमींचीं सर्व औषधें हरलीं, म्हणजे डॉक्टर जें शेवटचें औषध काढतात, तें लागू पडेल कीं नाहीं, हें कांहीं अंशीं दूर कोठेंतरी डुकरांच्या गोठ्यांत ठरून गेलेलें असूं शकतें. हें कसें घडलें, कोणी आधीं ओळखलें, आणि ओळखूनही जगानें काय केलें, याचा हा वृत्तांत आहे.

रोग जुनाच आहे. डुकरीण एका वेतांत आठ-दहा पिलें देते. त्यांच्या जन्मानंतर पहिल्या आठवड्यांत, किंवा पुढें आईचें दूध तुटून तीं दाण्यावर आलीं म्हणजे, त्यांस पाण्यासारखी पिवळट-पांढरी हगवण लागते. एवढ्याशा जीवाच्या अंगांत पाण्याचा सांठा तो किती असणार! एका दिवसांत डोळे खोल जातात, कातडी सुरकुतते, अंग गार पडतें. आणि वेळीं उपाय न झाल्यास सबंध वेत दगावण्याची पाळी येते. इ. स. १८८५ मध्यें म्युनिक येथील थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानें अर्भकांच्या विष्ठेंतील एका दंडाकृति जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें त्या जंतूस एशेरिशचेंच नांव मिळालें, व आज तो ई. कोलाय म्हणून सर्वत्र ओळखला जातो. १८९३ मध्यें डेन्मार्कमधील कार्ल ओलुफ येन्सेन यानें वासरांच्या पांढऱ्या हगवणीचा संबंध याच जंतूशीं जोडला. माणसाचें मूल, गाईचें वासरूं आणि डुकराचें पिलूं हीं तिन्ही एकाच कुळांतील जंतूंनीं गांजलेलीं आहेत, ही गोष्ट अशी हळूहळू ध्यानांत आली.

हिंदुस्थानांत पशुरोगांच्या शास्त्रीय अभ्यासाचीं आरंभींचीं दोन ठाणीं महाराष्ट्रांतच उभीं राहिलीं. मुंबईस परळ येथें १८८६ मध्यें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. आणि डिसेंबर १८८९ मध्यें पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली, जी १८९३ मध्यें हिमालयांतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. परंतु त्या काळीं सरकारास चिंता होती ती गुरांच्या बुळकांडीची आणि लष्करी घोड्यांच्या रोगांची. डुकराच्या पिलाकडे पाहण्यास कोणास सवड असणार?

शिवाय एक कोडें सुटत नव्हतें. ई. कोलाय हा जंतु तर प्रत्येक निरोगी माणसाच्या व जनावराच्या आंतड्यांत बिनबोभाट राहत असतो. मग तोच जंतु कांहीं वेळां जीवघेणा कां होतो? या कोड्याची एक किल्ली सांपडली ती कलकत्त्यास. तेथील विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ दे यांनीं १९५३ मध्यें सशाच्या आंतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनीं बांधून त्यांत पटकीचे जंतु सोडण्याची साधी युक्ति योजिली. तो भाग पाण्यानें टम्म फुगला. अतिसाराच्या रोग्यांपासून मिळालेले कांहीं ई. कोलाय जंतुही तसाच परिणाम घडवितात, हें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ मध्यें दाखविलें; आणि १९५९ मध्यें जंतु गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेंही आंतडें फुगतें, म्हणजे रोगाचें मूळ जंतूनें सोडलेल्या विषांत आहे, हें त्यांनीं सिद्ध केलें. साध्या उपकरणांनीं केलेलें हें काम जगांतील अतिसाराच्या पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरलें.

डुकरांच्या बाबतींत हीच वाट पुढें नेली ती डेन्मार्क व ब्रिटन येथील शास्त्रज्ञांनीं. कोपेनहेगनचें ऑर्स्कोव्ह दंपती व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ मध्यें पिलांना आजारी पाडणाऱ्या जंतूंच्या अंगावरील ‘के-८८’ नांवाच्या एका विशिष्ट द्रव्याचें वर्णन केलें. या द्रव्याच्या योगें जंतु आंतड्याच्या अस्तरास चिकटून बसतो. ब्रिटनमधील पशुवैद्यक शास्त्रज्ञ हर्बर्ट विल्यम्स स्मिथ यांनीं पुढील दहा वर्षांत दाखवून दिलें कीं, पिलास हगवण लावण्यासाठीं जंतूजवळ दोन साधनें लागतात. चिकटण्याची सोय आणि विष. आणि खरा नवलाचा भाग असा कीं, हीं दोन्ही साधनें जंतूच्या मूळ कुलसंपत्तींत नसून प्लास्मिड नांवाच्या सुट्या वर्तुळाकार धाग्यांवर असतात, व हे धागे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतात.

प्लास्मिड म्हणजे काय, हें समजण्यास घरगुती दाखला पुरेसा आहे. वंशपरंपरागत वतन बापाकडून मुलाकडेच जातें. परंतु शेजारणीच्या हातच्या लोणच्याची कृति एका घरच्या वहींतून दुसऱ्या घरच्या वहींत उतरून घेतां येते. त्याला नातें लागत नाहीं, आणि दिली म्हणून पहिल्या घरची कृति कमी होत नाहीं. जंतूंच्या जगांत प्लास्मिड हें असें उतरून घेण्याचें साधन आहे. चिकटण्याची व विषाची कृति त्यावर लिहिलेली असूं शकते, त्याचप्रमाणें औषध निकामी करण्याची कृतिही असूं शकते. येथूनच या कथेचा दुसरा धागा सुरू होतो.

तो धागा औषधांचा. अलेक्झांडर फ्लेमिंग यांस १९२८ मध्यें पेनिसिलिनचा शोध लागला, हें शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण ऑक्सफर्ड येथील अर्न्स्ट चेन व एडवर्ड अब्राहम यांनीं डिसेंबर १९४० मध्यें पेनिसिलिनचा नाश करणारें एक द्रव्य जंतूंत सांपडल्याचें प्रसिद्ध केलें, हें तितकेंसें ठाऊक नसतें. आणि ज्या जंतूंत तें सांपडलें तो ई. कोलायच होता. ऑक्सफर्डच्या त्या गटानें पेनिसिलिनचा उपचार आरंभिला तो फेब्रुवारी १९४१ मध्यें. औषध रोग्याच्या अंगांत जाण्यापूर्वींच त्यावरचा तोड जंतूजवळ तयार होता! डिसेंबर १९४५ मध्यें नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांत स्वतः फ्लेमिंग यांनीं इशारा दिला कीं, अपुऱ्या मात्रेनें पेनिसिलिन घेतलें तर जंतु मरणार नाहींत, उलट औषध पचविण्यास शिकतील. भारतांत पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्यें स्थापन झाला व १९५५ पासून तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें, तेव्हां हा इशारा देऊन दहा वर्षें लोटलीं होतीं.

त्याच सुमारास अमेरिकेंत एक वेगळाच प्रकार घडत होता. लेडरले या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रांतील भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव. त्यांच्या कारकीर्दींत बेंजामिन डगर यांनीं शोधून काढलेलें ऑरिओमायसिन हें औषध १९४८ मध्यें जगापुढें आलें. टेट्रासायक्लिन वर्गांतील हें पहिलें औषध. त्याच्या निर्मितींत उरलेला चोथा कोंबड्यांच्या पिलांस खाऊं घातला, तेव्हां तीं अपेक्षेपेक्षां झपाट्यानें वाढलीं. प्रथम हें श्रेय चोथ्यांतील ब-१२ जीवनसत्त्वास देण्यांत आलें. परंतु थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनीं १९५० च्या सुमारास दाखविलें कीं, वाढीचें कारण चोथ्यांत राहिलेलें औषधच होय. डुकरांच्या पिलांवरही तोच अनुभव आला. त्यांची हगवण कमी झाली व वजन भरलें. अमेरिकेनें १९५१ मध्यें व ब्रिटननें १९५३ च्या कायद्यानें अशीं औषधें पशुखाद्यांत घालण्यास मुभा दिली. महायुद्धानंतरचे टंचाईचे दिवस होते. मांस स्वस्त व्हावें ही सर्वांचीच इच्छा होती. परंतु फ्लेमिंग यांनीं जी गोष्ट करूं नका म्हणून सांगितलें होतें, म्हणजे थोड्या मात्रेनें दीर्घकाळ औषध देणें, तीच आतां धंद्याची रीति बनली.

याचा परिणाम दिसण्यास फार काळ लागला नाहीं. विल्यम्स स्मिथ यांनीं १९५७ मध्येंच क्रॅब यांच्यासह दाखवून दिलें कीं, ज्या डुकरांस व कोंबड्यांस टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य सतत मिळत होतें, त्यांच्या विष्ठेंतील ई. कोलाय बहुतांशीं त्या औषधास दाद देत नव्हते; ज्यांस असें खाद्य मिळत नव्हतें त्यांच्यांत असे जंतु क्वचितच आढळत. तिकडे जपानांत आमांशाचे जंतु एकाच वेळीं चार-चार औषधांस दाद देईनासे झाले होते. १९५९ मध्यें ओचियाई व अकिबा यांच्या स्वतंत्र प्रयोगांनीं सिद्ध झालें कीं, ही चारही औषधांविरुद्धची शक्ति एका जंतूकडून दुसऱ्याकडे एकदम जाते. आमांशाच्या जंतूकडून ई. कोलायकडे, व त्याच्याकडून परत. त्सुतोमु वातानाबे यांच्या १९६३ मधील विस्तृत लेखानें ही गोष्ट पश्चिमेकडील विद्वानांच्या गळीं उतरली. म्हणजे डुकराच्या आंतड्यांतील निरुपद्रवी जंतूही आतां निरुपद्रवी म्हणवत नव्हता, कारण तो कोणत्या क्षणीं कोणत्या रोगजंतूच्या वहींत आपली कृति उतरवून देईल याचा नेम राहिला नव्हता.

ब्रिटनमध्यें एफ्राइम अँडरसन यांनीं वासरांमध्यें पसरलेल्या साल्मोनेला जंतूंचा माग काढून १९६५ च्या सुमारास सरकारास जाहीर इशारा दिला. १९६७ च्या अखेरीस ईशान्य इंग्लंडमधील टीसाइड भागांत तान्ह्या मुलांना ई. कोलायची हगवण लागली. जंतु अनेक औषधांस दाद देत नव्हते आणि अनेक अर्भकें दगावलीं. ते जंतु जनावरांपासून आले होते असें सिद्ध झालें नाहीं; तरीही लोकमत खवळलें व सरकारनें मायकेल स्वान यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. नोव्हेंबर १९६९ मधील तिच्या अहवालाचें सार असें होतें कीं, माणसांच्या उपचारास लागणारीं पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आदि औषधें केवळ वजनवाढीसाठीं खाद्यांत घालूं नयेत. आजारी जनावरास पशुवैद्याच्या चिठ्ठीनें द्यावीं. हा भेद मोठा शहाणपणाचा होता. परंतु त्यांत एक पळवाट राहिली. पिलांची हगवण हा तर खराखुरा आजार. तेव्हां वजनवाढीच्या नांवानें जें बंद झालें, तें हगवणीच्या प्रतिबंधाच्या नांवानें चिठ्ठीवर चालू राहिलें.

बंदी अमलांत आल्यावर विल्यम्स स्मिथ स्वस्थ बसले नाहींत. १९७५ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, इतक्या वर्षांनंतरही डुकरांच्या ई. कोलायमधील टेट्रासायक्लिनविरुद्धची शक्ति टिकूनच आहे. दोन वर्षांनीं आणखी एक गोष्ट उजेडांत आली. हगवणीचें विष व औषधांविरुद्धची शक्ति या दोहोंची कृति एकाच प्लास्मिडवर असूं शकते, हें १९७७ मध्यें दाखविण्यांत आलें. याचा अर्थ पशुपालकानें नीट समजून घेण्याजोगा आहे. अशा गोठ्यांत औषध टाकलें कीं साधे जंतु मरतात आणि विषारी जंतूंस मोकळें रान मिळतें. ज्या रोगावर औषध दिलें, त्या रोगाचीच त्या औषधानें पेरणी होते.

स्वीडननें १९८६ मध्यें वजनवाढीसाठीं औषधांचा वापर सर्वस्वी बंद केला. डेन्मार्कमध्यें २००० पर्यंत तेंच झालें, आणि १ जानेवारी २००६ पासून सबंध युरोपीय संघांत. पण तोंवर या कथेंत एक नवें औषध शिरलें होतें. त्याचें नांव कोलिस्टिन. तें १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानांत सांपडलें. माणसाच्या मूत्रपिंडास तें अपायकारक असल्यामुळें १९७० नंतर डॉक्टरांनीं तें बहुतेक बाजूस सारलें. मात्र तोंडावाटे दिल्यास तें आंतड्यांतून रक्तांत फारसें उतरत नाहीं. म्हणून पिलांच्या हगवणीवर पशुवैद्यांस तें सोयीचें वाटलें. माणसानें टाकलेलें औषध जनावरास दिलें, यांत बिघडलें कोठें?

बिघडलें तें पुढें. एकविसाव्या शतकांत माणसांच्या रुग्णालयांतील जंतु कार्बापेनेम वर्गाच्या प्रबळ औषधांसही दाद देईनासे झाले. २०१० मध्यें मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असे २४ जंतु तपासण्यांत आले, व त्यांपैकीं २२ मध्यें ‘एनडीएम-१’ ही औषधनाशक शक्ति आढळली. अशा रोग्यांसाठीं डॉक्टरांच्या हातांत उरलें तें जुनें, अडगळींत टाकलेलें कोलिस्टिन. मूत्रपिंडास धोका असला तरी प्राणापुढें त्याचा विचार कोण करणार? आणि नेमक्या अशा वेळीं, नोव्हेंबर २०१५ मध्यें, चीनमधून बातमी आली. शांघायमधील एका डुकरापासून मिळालेल्या ई. कोलायमध्यें कोलिस्टिनविरुद्धची शक्ति प्लास्मिडवर सांपडली होती. तिला ‘एमसीआर-१’ हें नांव देण्यांत आलें. तोंवर ही शक्ति वतनासारखी, वंशांतच राहणारी, समजली जात होती. आतां ती उतरून घेण्याजोगी झाली. तपासलेल्या जनावरांपैकीं शेंकडा २१, कच्च्या मांसाच्या नमुन्यांपैकीं शेंकडा १५ व रुग्णालयांतील रोग्यांपैकीं शेंकडा १ यांच्यांत ती आढळली. हा उतार पाहिला कीं प्रवाह कोणीकडून कोणीकडे वाहत असावा, याची कल्पना येते. पुढील कांहीं महिन्यांतच अनेक देशांतून तीच शक्ति आढळल्याचें जाहीर झालें.

भारतांत डुकरें थोडीं. २०१९ च्या पशुगणनेंत तीं सुमारें ९० लाख भरलीं. त्यांतील २१ लाखांच्या आसपास एकट्या आसामांत, आणि महाराष्ट्राचा वांटा अल्प. येथें कोलिस्टिन वापरलें जाई तें मुख्यतः कोंबड्यांच्या धंद्यांत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें जुलै २०१९ मध्यें अधिसूचना काढून अन्नासाठीं पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरितां, कोंबड्यांकरितां, मत्स्यपालनाकरितां व पशुखाद्याकरितां कोलिस्टिन बनविणें व विकणें यांवर बंदी घातली. पाऊल योग्य पडलें. परंतु सर्व दोष जनावरांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. माणसांच्या जंतूंतील बहुतेक प्रतिकारशक्ति माणसांनीं स्वतः घेतलेल्या औषधांनींच वाढविलेली आहे. मुलास दोन जुलाब झाले कीं कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानांतून चार गोळ्या आणावयाच्या, दोन द्यावयाच्या आणि उरलेल्या फडताळांत ठेवावयाच्या, ही चाल सुशिक्षित घरांतही मोडलेली नाहीं.

हीं सर्व सूत्रें एका ठिकाणीं कशीं येतात, हें पाहण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. कुंडलिका नदीच्या कांठीं वसलेलें जालना आजही जुना जालना व नवा जालना अशा दोन नांवांनीं ओळखलें जातें. जुन्या जालन्याच्या इतिहासांत जमशेदखानाचें नांव येतें तें मशीद व सराई बांधविल्याबद्दल, तसेंच मोती तलावाचें पाणी जमिनीखालील नळांनीं वस्तींतील हौदांपर्यंत आणल्याबद्दल. त्या काळीं जंतु हा शब्दही कोणास आजच्या अर्थानें ठाऊक नव्हता. तरी पिण्याचें पाणी घाणीपासून दूर ठेवून वस्तींत आणावें, हें शहाणपण होतें. मराठवाड्यांतील कोणत्याही जुन्या गांवाची रचना डोळ्यांपुढें आणावी. दाट वस्ती, उघडीं गटारें, त्यांत लोळणारीं मोकाट डुकरें, गटारें मिळतात ती नदी, आणि त्याच वस्तींत रांगणारीं मुलें. औषधाच्या गोळ्या खाल्लेल्या माणसाच्या विष्ठेंतील जंतु, डुकराच्या आंतड्यांतील जंतु व नदीच्या चिखलांतील जंतु यांची गांठ पडण्यास याहून सोयीची बाजारपेठ कोणती? तेथें कृति उतरून घेण्यास कोणी अटकाव करीत नाहीं.

मग उपाय काय? याच इतिहासांत उपायही आहेत. १९७३ मध्यें ब्रिटनमधील रटर व जोन्स यांनीं दाखविलें कीं, व्यायच्या आधीं डुकरिणीस के-८८ या द्रव्याची लस टोंचली तर तिच्या चिकांतून पिलांस संरक्षण मिळतें. चीक प्यालेल्या पिलाच्या आंतड्यास जंतु चिकटूंच शकत नाहीं. १९७५ मध्यें असेंही आढळलें कीं, कांहीं डुकरांच्या आंतड्यांत जंतूस पकडावयास जागाच नसते, व हा गुण वंशानें उतरतो. म्हणजे पैदाशीची निवड करूनही रोग टाळतां येतो. कोरडा व उबदार गोठा, पहिल्या कांहीं तासांत पोटभर चीक, दूध घाईनें न तोडणें, स्वच्छ पाणी, हे उपाय त्याहून जुने. गोठ्यांतील वासरास चीक पाजल्यावांचून न राहणाऱ्या मराठी शेतकऱ्यास यांतील बहुतेक गोष्टी नव्यानें शिकविण्याची गरज नाहीं.

आणि बंदीचा उपयोग होत नाहीं, असेंही समजूं नये. टेट्रासायक्लिनच्या बाबतींत ब्रिटनला आलेला अनुभव निराशेचा होता. पण चीननें २०१७ मध्यें वजनवाढीसाठीं कोलिस्टिन खाद्यांत घालणें बंद केल्यावर, तपासलेल्या डुकरांच्या ई. कोलायमधील कोलिस्टिनविरुद्धच्या शक्तीचें प्रमाण २०१५-१६ मधील शेंकडा ३४ वरून २०१७-१८ मध्यें शेंकडा ५ च्या आसपास आलें. सर्व कृति सर्व वह्यांत कायमच्या राहत नाहींत. ज्यांचा उपयोग उरला नाहीं अशा कांहीं गळून जातात. मात्र त्यासाठीं औषध थांबावें लागतें, आणि तें वेळीं थांबावें लागतें. विल्यम्स स्मिथ यांनीं १९५७ मध्यें जें दाखविलें, तें युरोपच्या कायद्यांत पूर्णपणें उतरण्यास ४९ वर्षें लागलीं. कोलिस्टिनच्या बाबतींत चीन दोन वर्षांत व भारत चार वर्षांत जागा झाला. पुढील औषध हातीं येईल तेव्हां तें गोठ्यांत किती व घरांत किती वापरावयाचें, हें पहिल्याच दिवशीं ठरविलें गेलें, तर नवजात अर्भकाच्या उशाशीं उभ्या असलेल्या डॉक्टरच्या हातांत कांहीं तरी उरेल.